‘सर्व्हर डाऊन आहे’ की समोरचाच कॉम्प्युटर दमलाय? वऱ्हाडातल्या सेवा केंद्रांवरची रांग आणि बॅकग्राऊंडमधला गोंधळ

अमरावती असो की अकोला, सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्राच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, ई-केवायसी, काम कुठलंही असो. ऐकणारा मान डोलावतो आणि परत जातो. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, एसटीचं भाडं गेलेलं असतं.

कधी कधी हे वाक्य शंभर टक्के खरं असतं. २१ मे २०२५ ला अकरावीच्या राज्यव्यापी ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या शहरी भागांपुरती होती. त्या वर्षी ती सगळ्या राज्यात, म्हणजे अकोल्यातही आली. पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. तेव्हा काउंटरवरचा माणूस काहीही करू शकत नव्हता.

पण अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि अडकलेला असतो तो टेबलावरचा कॉम्प्युटर. पडद्यावर फक्त एक फॉर्म उघडा दिसतो. मागे मात्र कुठला तरी प्रोग्राम प्रोसेसरची सगळी ताकद खात बसलेला असतो. दोन्ही वेळी पडद्यावर तेच गोल फिरणारं चक्र दिसतं, त्यामुळे दोन्हींना एकच नाव पडतं. दोन्हींवरचे उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत. सर्व्हर बंद असेल तर थांबावंच लागतं. कॉम्प्युटर अडकला असेल तर ते काम बरेचदा दहा मिनिटांत मार्गी लागू शकतं.

बॅकग्राऊंड प्रोसेस म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. ब्राउझर, वर्ड अशा काही प्रोसेस डोळ्यांना दिसतात. बाकीच्या शे-दीडशे प्रोसेस पडद्यामागे चालतात. अँटिव्हायरस फाइल तपासत असतो, विंडोज अपडेट उतरवत असतं, प्रिंटरचा प्रोग्राम कागदाची वाट बघत असतो. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची ‘आरडी सर्व्हिस’ सुद्धा अशीच मागे चालू असते. ती नसेल तर बोटांच्या ठशांवरून आधारची पडताळणी होतच नाही.

या सगळ्यांना काम करून देणारा एकच, तो म्हणजे प्रोसेसर किंवा सीपीयू. रोडग्याच्या पंगतीचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणला तर हे सोपं होतं. चार आचारी आहेत. एक रोडगे भाजतो, एक वांग्याची भाजी बघतो, बाकीचे दोघं पडेल ते काम करतात. आजच्या साध्या प्रोसेसरमध्येही असे दोन, चार किंवा जास्त ‘कोअर’ असतात. नीट लिहिलेला प्रोग्राम आपलं काम झालं की आचाऱ्याला मोकळं करतो. बिघडलेला प्रोग्राम त्याला सोडतच नाही. तीच फाइल पुन्हा पुन्हा वाचायला लावतो किंवा कधीही न येणाऱ्या उत्तराची वाट बघत फेऱ्या मारत राहतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चार कोअरच्या साध्या प्रोसेसरवर एखाद्या प्रोसेसनं एक कोअर पूर्ण अडवला, तर विंडोजचा टास्क मॅनेजर १०० टक्के दाखवत नाही. तो साधारण २५ टक्के दाखवतो. आठ धागे चालवणाऱ्या प्रोसेसरवर हाच आकडा साडेबारा टक्के दिसतो. त्यामुळे ‘फक्त २५ टक्केच तर वापर आहे’ म्हणून सोडून दिलेली प्रोसेसच खरी दोषी असू शकते. आकडा किती आहे यापेक्षा तो कॉम्प्युटरवर काहीही काम चालू नसताना तासन्‌तास तिथेच चिकटून आहे का, हे बघणं महत्त्वाचं.

सर्व्हर की कॉम्प्युटर, हे एका मिनिटात कसं ओळखायचं?

पहिली तपासणी अगदी साधी आहे. तेच पोर्टल मोबाइल डेटावर उघडून बघायचं. तिथेही उघडत नसेल तर दोष बहुधा पलीकडचा आहे. मोबाइलवर पटकन उघडलं तर संशय केंद्राच्या इंटरनेटवर किंवा कॉम्प्युटरवर येतो.

दुसरी तपासणी नोटपॅडची. नोटपॅडला इंटरनेट लागत नाही. त्यात टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटत असतील, माउसचा बाण अडखळत असेल, तर सर्व्हरचा काही संबंध नाही. दमलाय तो समोरचा डबा.

तसं पाहिलं तर सर्व्हर हाही एक कॉम्प्युटरच आणि त्यालाही हाच आजार होतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीनं आपल्या सुरक्षा यंत्रणेत एक नवा नियम टाकला. त्यातल्या मजकूर शोधण्याच्या सूत्रात चूक होती. जगभरातल्या तिच्या सर्व्हरचे प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेले आणि जवळपास अर्धा तास असंख्य वेबसाइट बंद पडल्या. पण तिथे लक्ष ठेवायला अभियंत्यांची फौज होती. त्यांनी नेमका तो नियम शोधून बंद केला. परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या केंद्रावर ही फौज नसते. तिथे एक चालक असतो आणि समोर रांग असते.

टास्क मॅनेजरमध्ये काय बघायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. ‘सीपीयू’ या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारी प्रोसेस वर येते. उघडल्याबरोबर आकडे उसळतात, ते दोन मिनिटं स्थिरावू द्यावेत. मग ही नावं ओळखीची असलेली बरी:

• सिस्टम आयडल प्रोसेस: ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये ही ९० ते ९५ टक्के दिसते आणि अनेक जण घाबरतात. हा वापर नाहीच. प्रोसेसर तेवढा रिकामा आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा मोठा असणं चांगलं.

• अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल: विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. पूर्ण तपासणी चालू असताना तो प्रोसेसर खातो. ऐन गर्दीच्या वेळी तो चालू होत असेल तर तपासणीची वेळ बदलून रात्रीची किंवा जेवणाच्या सुट्टीची करता येते. बाहेरून आणलेले दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवले असतील, तर ते एकमेकांच्याच फाइल तपासत बसतात. त्यातला एक काढावा.

• विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर: अपडेट बसवणारी प्रोसेस. जुन्या कॉम्प्युटरवर तासभर लागू शकतो. मध्येच बंद केली तर अपडेट अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

• प्रिंट स्पूलर: प्रिंटरच्या रांगेत एखादी फाइल अडकली की ही प्रोसेस फेऱ्या मारत राहते. अडकलेली प्रिंट रद्द करून ‘सर्व्हिसेस’मधून स्पूलर बंद करून पुन्हा चालू केला की बहुतेक वेळा काम होतं.

• सर्व्हिस होस्ट: ही एक प्रोसेस नाही, तर विंडोजच्या अनेक सेवांना चालवणारं आवरण आहे. नावाशेजारचा बाण उघडला की आत नेमकी कोणती सेवा आहे ते दिसतं. शोध घ्यायचा तो त्या सेवेचा.

• ब्राउझर: क्रोमला स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर आहे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कोणती टॅब किंवा कोणतं एक्स्टेन्शन जास्त खातंय ते कळतं.

नाव अनोळखी असेल तर त्यावर राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघावं. विंडोजच्या प्रोसेसचं नाव घेतलेली फाइल ‘टेम्प’ किंवा ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये सापडली, तर ती खोट्या नावानं फिरतेय असंच धरून चालावं.

आणखी एक खूण. सीपीयू मोकळा असतानाही कॉम्प्युटर हलत नसेल तर ‘डिस्क’ आणि ‘मेमरी’चे रकाने बघावेत. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर आणि ४ जीबी रॅमवर हेच जास्त होतं. तिथे प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली की फरक लगेच जाणवतो.

मग ‘विंडोज १० बंद झालं म्हणून स्लो झालं’ हे खरं का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्याच काळात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी चालू होती. १८ सप्टेंबर २०२५ ला ती सक्तीची झाली आणि मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि ‘विंडोज १० बंद केलं, म्हणून कॉम्प्युटर स्लो झाले’ हा समज पसरायला जागा मिळाली.

हा समज चुकीचा आहे. सपोर्ट संपल्यानं विंडोज १० चा वेग कमी होत नाही. थांबतात ती सुरक्षेतली भोकं बुजवणारी अपडेट्स. घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, पण त्यासाठी स्वतःहून नाव नोंदवावं लागतं. व्यवसायांसाठी हीच सोय पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. अट डावलून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या व्हिडिओंमधून फिरत असतात. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. शिवाय ४ जीबी रॅमवर ते रखडत चालतं ते वेगळंच.

अपडेटमुळेच प्रोसेसर अडकण्याचं एक गाजलेलं उदाहरण मात्र आहे. विंडोज एक्सपीच्या अखेरच्या दिवसांत, २०१३ मध्ये, अपडेट तपासायला गेलेली सर्व्हिस होस्ट प्रोसेस तासन्‌तास १०० टक्क्यांवर अडकायची. नवं अपडेट आलं की ते आधीच्या कोणत्या अपडेटची जागा घेतंय, याची लांबलचक साखळी ती तपासत बसे. साखळीत एक कडी वाढली की वेळ कैक पटींनी वाढे. शेवटी मायक्रोसॉफ्टनं जुन्या कड्या काढून टाकल्या तेव्हा ते थांबलं. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचाच सपोर्ट संपला. त्या काळात कित्येकांनी हा प्रकार व्हायरस समजून कॉम्प्युटर फॉरमॅट केले. फॉरमॅटनंतर सगळी अपडेट्स पुन्हा उतरवायची म्हणजे तोच त्रास पुन्हा.

अकोल्याच्या उन्हाचा काय संबंध?

संबंध थेट आहे. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं कलम १४४ खाली आदेश काढून कामगारांसाठी पाणी-पंख्याची सोय आणि खासगी शिकवण्यांच्या वेळा यांवर निर्बंध घातले होते. माणसांसाठी आदेश निघाला. त्याच खोल्यांमधल्या कॉम्प्युटरकडे कोणी बघितलं नाही.

प्रोसेसरला स्वतःच्या तापमानाची मर्यादा असते. अनेक प्रोसेसरमध्ये ती १०० अंशांच्या आसपास असते. मर्यादेजवळ पोहोचला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. खोली दहा अंशांनी जास्त तापली की आतला प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. त्यात पंख्यावर वर्षभराची धूळ आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असेल, तर दुपारी एकच प्रोग्राम सकाळपेक्षा दुप्पट वेळ घेऊ शकतो.

हे तपासणंही सोपं आहे. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये प्रोसेसरचा मूळ वेग आणि सध्याचा वेग दोन्ही दिसतात. वापर १०० टक्क्यांजवळ असूनही सध्याचा वेग मूळ वेगाच्या बराच खाली असेल, तर दोष सॉफ्टवेअरचा नसून उष्णतेचा असण्याची शक्यता मोठी. कॅबिनेट उघडून धूळ साफ करणं, ते भिंतीपासून वीतभर लांब ठेवणं, कूलरची दमट हवा थेट त्याच्यावर न सोडणं, एवढ्यानंही फरक पडतो.

वऱ्हाडातला सगळ्यात कडक उन्हाळा आणि प्रवेशाच्या दाखल्यांची सगळ्यात मोठी गर्दी दोन्ही मे-जूनमध्ये येतात. ज्या महिन्यात कॉम्प्युटरची सगळ्यात जास्त गरज, त्याच महिन्यात तो सगळ्यात जास्त दमलेला असतो.

स्लो होणं ही चोरीची खूण कधी असते?

काही वेळा प्रोसेसर खाणारा प्रोग्राम बिघडलेला नसतोच. तो त्यासाठीच बसवलेला असतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गुपचूप क्रिप्टोकरन्सी तयार करण्याला क्रिप्टोजॅकिंग म्हणतात. वीज मालकाची, कॉम्प्युटर मालकाचा, कमाई चोराची.

महाराष्ट्राशी जोडलेलं एक प्रकरण एप्रिल २०२४ मध्ये समोर आलं. ई-स्कॅन हे मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचं अँटिव्हायरस. त्याची अपडेट्स सुरक्षित जोडणीवरून न येता साध्या जोडणीवरून येत होती. हल्लेखोरांनी वाटेतच अपडेट बदलून ‘गुप्तीमायनर’ नावाचा मालवेअर पेरल्याचं अवास्टच्या संशोधकांनी दाखवलं. त्यातून मागचे दरवाजे उघडले गेले आणि मोनेरो हे चलन तयार करणारा प्रोग्रामही बसवला गेला. रोख मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर होता. कंपनीनं जुलै २०२३ च्या अखेरीस ही फट बुजवली होती. या मालवेअरची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रोसेस तपासणारी साधनं चालू आहेत का, हे तो आधी बघून घेत असे. इतर काही मायनर तर टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात. म्हणून काहीही चालू नसताना पंखा जोरात घोंगावत असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होत असेल, वारंवार असंच होत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे.

छोट्या केंद्रांसाठी त्याहून मोठा धोका वेगळा आहे. विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करून देणारे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. ते बसवताना पहिली सूचनाच ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते. त्यानंतर आत काय शिरलं हे कोणालाच कळत नाही. आणि सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर आधार कार्डं, बँक पासबुकं, सातबारा, जातीचे दाखले यांच्या स्कॅन केलेल्या फाइल पडून असतात. प्रोसेसर चोरणारा प्रोग्राम या फाइलही नेऊ शकतो.

वेगातला बारीकसा फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे जगानं मार्च २०२४ मध्ये पाहिलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लिनक्स कॉम्प्युटरवर लॉगिन करताना नेहमीपेक्षा जास्त सीपीयू लागतोय आणि अर्धा सेकंद उशीर होतोय, असं दिसलं. त्यानं दुर्लक्ष केलं नाही. शोध घेतल्यावर ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला.

मग करायचं काय, आणि कोणत्या क्रमानं?

१. आधी बघावं, मग हात लावावा. दोषी प्रोसेसचं नाव लिहून ठेवावं किंवा मोबाइलनं फोटो काढावा.

२. अपडेट किंवा तपासणी चालू असेल तर ती पूर्ण होऊ द्यावी.

३. ‘शट डाऊन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करावं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाऊन करून पुन्हा चालू केल्यावरही आतली बरीच स्थिती तशीच परत येते. रीस्टार्टनं खरी नवी सुरुवात होते.

४. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये जाऊन आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. आरडी सर्व्हिस, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा प्रोग्राम आणि अँटिव्हायरस यांना हात लावू नये.

५. ‘कॉम्प्युटर फास्ट करा’ म्हणणारे क्लीनर बसवू नयेत. बरेचदा तेच मागे चालणाऱ्या प्रोसेसमध्ये भर घालतात.

६. मालवेअरचा संशय असेल तर आधी इंटरनेट तोडावं. केंद्र सरकारच्या सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून बॉट काढणारी साधनं मोफत देतं. ती दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून उतरवून घ्यावीत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

७. फॉरमॅट हा शेवटचा उपाय. सेवा केंद्रावर त्यानंतर आरडी सर्व्हिस, टोकन, स्कॅनर, प्रिंटर, मराठी टायपिंग सगळं पुन्हा बसवावं लागतं. यात अख्खा दिवस जातो आणि रांग दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते.

हा खर्च कोणाच्या खिशातून जातो?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकांचा हक्क आहे. पण या कायद्याचं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. काउंटरवर “उद्या या” ऐकून परतलेल्या माणसाचा अर्ज दाखलच झालेला नसतो. त्यामुळे त्याचा गेलेला दिवस कुठल्याच नोंदीत येत नाही. कागदोपत्री सगळं मुदतीतच झालेलं दिसतं. धारणी-चिखलदऱ्याच्या एखाद्या पाड्यावरून केंद्रापर्यंत आलेल्या बाईसाठी असे दोन हेलपाटे म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

केंद्र चालवणारेही यात भरडले जातात. कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला असतो आणि दर अर्जामागे मिळणारी रक्कम तुटपुंजी असते. एसएसडी, जास्तीची रॅम, खरं लायसन्स हा खर्च त्यांना झेपेलच असं नाही. योजना ऑनलाइन करताना सर्व्हर किती लोकांचा भार घेईल याचा हिशेब निदान कागदावर तरी होतो. शेवटच्या टोकाचा कॉम्प्युटर त्या हिशेबात धरलेला नसतो. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर घरगुती विंडोज १० ला मिळणारी वाढीव अपडेट्सही थांबतील. त्याच्या आत कोणत्या केंद्रावर कोणतं मशीन आहे, याची साधी यादी तालुकानिहाय झाली, तरी पुढच्या मुदतीच्या वेळी “सर्व्हर डाऊन आहे” या वाक्यामागचं खरं कारण प्रशासनाला सांगता येईल.

तोवर रांगेतल्या माणसाच्या हातात एक प्रश्न आहे. “भाऊ, मोबाइलवर उघडून रायली का साइट?” उत्तर ‘हो’ असेल, तर उद्या येण्याआधी कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करून बघायला सांगायला हरकत नाही.